शिवीत चालतं, दवाखान्यात तोंडातून निघत नाही

उपकेंद्रवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचते इथं, लिहीत नाही, पण गेल्या मंगळवारपासून एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून बसले लिहायला. मी सांगली जिल्ह्यात एका आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे नर्स आहे, सतरा वर्षं झाली नोकरीला. गाव सांगत नाही, नाहीतर जिच्याबद्दल लिहितेय ती बाई ओळखू येईल.

साठीच्या मावशी. सुनेबरोबर बीपी बघायला म्हणून आल्या. बीपी बघितला, गोळ्या दिल्या, तरी उठेनात. मग सुनेला म्हणाल्या तू जरा भाईर थांब गं. ती गेली तरी दोन मिनिटं गप्पच. मग पदर तोंडावर धरून म्हणतात, "शिस्टर, कसं सांगू बाय, मला खाली जरा तसं होतंय." खाली म्हणजे कुठं मावशी, पाय दुखतात? "न्हाई वं." पोटात? "न्हाई. त्ये... तिकडं." आणि निऱ्यांकडं हात नेला आणि चटका बसल्यासारखा लगेच मागं घेतला. तिथून पुढं दहा मिनिटं लागली मला कळायला. अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकून बाहेर. दोन वर्षं! शेण काढताना, वैरणीचा भारा डोक्यावर घेताना बाहेर यायचं, मग आडोशाला जाऊन हातानं आत ढकलायचं, वर जुन्या लुगड्याची घडी बांधायची आणि परत कामाला. घासून घासून जखम झाली होती. पाच बाळंतपणं, त्यातली तीन घरातच, आणि प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवसांत भांगलायला रानात, मग दुसरं काय होणार.

आता ऐका. माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर पार आहे. तिथं चार पोरं मोबाईलवर गेम खेळत बसलेली, दहावी-बारावीची असतील. मावशी शब्द शोधतायत, अडखळतायत, आणि बाहेरून एक पोरगं हरलं म्हणून बोंबलून दुसऱ्याला आईवरून शिवी देतं, आणि त्या शिवीत तोच शब्द. जो मावशींना पाहिजे होता तोच. दोघींनी ऐकला. मावशींनी मान खाली घातली आणि मी उठून खिडकी लावली.

घरी येताना गाडीवर हेच डोक्यात. तो दोन अक्षरी शब्द (इथं लिहीत नाही, फुल्याही मारत नाही, सगळ्यांना माहीत आहे) म्हणजे मुळात आपल्या भाषेत त्या अवयवाचं नाव आहे हो. नाक, कान, गुडघा तसं नाव. मावशींना तो शब्द माहीत नाही असं नाही, साठ वर्षं रोज ऐकतात. नवऱ्याच्या तोंडून, वाटेवरच्या माणसांच्या तोंडून, औताच्या बैलाला दिलेल्या शिवीतसुद्धा. माहीत आहे म्हणूनच उच्चारता येत नाही, कारण तोंडातून काढला की ती शिवी होते आणि बाईमाणूस वंगाळ ठरतं. म्हणजे बाईच्या अंगाचं नाव भर चौकात पुरुषांनी ओरडायचं आणि जिचं अंग आहे तिनं मात्र "तिकडं" म्हणायचं. मग ती दोन वर्षं सांगणार कशी?

आणि हे एका मावशींचं नाही. पाळी म्हणायचं नाही, अडचण म्हणायची, नाहीतर कावळा शिवला, बाहेरची झाली. पांढरं जातंय म्हणायला "अंगावरून जातंय". छातीत दुखतंय म्हणून एक बाई आली, मी ईसीजीला पाठवायच्या तयारीत, तर स्तनात गाठ होती. शब्द नाही म्हणून रोग कळायला उशीर होतो हे मी रोज बघते. शिव्यांनी कुणाचं काय बिघडतं, तोंडाची वाफ असते, असं म्हणणाऱ्यांना मला ती खिडकी दाखवायची आहे.

मावशींना मिरजेच्या सिव्हिलला पाठवलं, अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवलीय, जखम भरत आलीय, बऱ्या आहेत.

तुमच्याकडं काय आहे ते लिहा. पुरुषांनीपण लिहा.

शाळेतल्या बाई

ताई, धागा वाचून अंगावर काटा आला. मी कोरेगाव तालुक्यात झेडपी शाळेवर आहे. तिसरीतलं एक पोरगं, आठ वर्षांचं, चेंडू ओढ्यात गेला की हीच शिवी. जवळ बोलावून विचारलं, बाळा याचा अर्थ काय रे? तर म्हणतो, "बाई त्याला आर्थ नस्तू, चेंडू गेला की म्हणत्यात." अगदी निरागस तोंड करून. आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या तीन मुलींनी कानावर हात ठेवले होते. त्यांना कोणी शिकवलं? विचारलं तर म्हणाल्या, पोरांनी दिली की आम्ही कान झाकायचे असतात बाई. मी त्या दिवशी पोराला रागावले नाही, त्या झाकलेल्या कानांकडंच बघत राहिले. आठव्या वर्षी वाटणी झाली पण, त्यानं बोलायचं आणि हिनं ऐकलंच नाही असं दाखवायचं.

दुसरं म्हणजे आपल्या साताऱ्यात तर मुलीचं नावच शिवीसारखं ठेवायची पद्धत होती. नकुशी. नको असलेली. तिसरी-चौथी मुलगी झाली की नाव नकुशी, म्हणजे पुढचा मुलगा होईल. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात झेडपीनं कार्यक्रम घेऊन अडीचशेपेक्षा जास्त नकुशींना नवीन नावं दिली, पेपरात, टीव्हीवर सगळीकडं आलं होतं, परदेशातसुद्धा बातम्या गेल्या. आमच्या शाळेत तेव्हा एक होती. रजिस्टरला नाव बदललं, तिनंच निवडलेलं सुंदर नाव, पण हजेरी घेताना नवीन नाव पुकारलं की गप्प बसून राहायची, शेजारची ढोसायची मग "हजर बाई". चार महिने लागले तिला स्वतःच्या नावाची सवय व्हायला. घरी मात्र नकूच. आई म्हणायची लाडानं म्हणतो की आम्ही.

रांगडा गडी

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो, राग मानू नका. मी वाळवा तालुक्यातला, शेती आणि ट्रॅक्टरचा धंदा. आमच्याकडं शिवी म्हणजे राग नाही ओ. दोन वर्षांनी मित्र भेटला आणि शिवी न घालता "कसे आहात" म्हटलं तर त्याला वाटंल ह्याचं काय बिनसलंय. माझी आज्जी मला "माझ्या रांडंच्या" म्हणून कुरवाळायची, ती वारली तेव्हा मला सगळ्यात जास्त त्या शब्दाची आठवण आली. ही आपली रांगडी बोली आहे, पुण्यामुंबईच्या लोकांनी अगोदरच तिला गावंढळ ठरवलंय, त्यात आपणच आपल्या भाषेवर पाणी ओतायला नको एवढंच म्हणणं. मावशींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्यात शिवीचा दोष किती आणि घरच्यांनी विचारपूस न करण्याचा किती? सून बरोबर होती, मुलगा असंल, नवरा असंल, दोन वर्षं कुणालाच दिसलं नाही?

उपकेंद्रवाली

दादा, राग नाही. आज्जीचं लिहिलंत ते वाचून माझी आज्जी आठवली, तीपण असंच म्हणायची, आणि बोली टाकून द्या असं मी म्हणतच नाही, मी स्वतः "आयला" म्हणते दिवसातून दहादा. घरच्यांचं तुम्ही बरोबर बोललात. पण मावशींनी सांगायचं कुणाला आणि कुठल्या शब्दात? मुलाला? नवऱ्याला, जो तो शब्द फक्त तिला मारताना वापरत आला? तुम्ही मित्राला शिवी घालता तेव्हा तुम्हा दोघांना माहीत असतं की प्रेमानं आहे. पण शेजारून पाण्याची घागर घेऊन जाणाऱ्या बाईला तिच्याच अंगाचं नाव ऐकू येतं आणि ती पावलं उचलते. तिला कुणी विचारलं का कधी?

लोणंदची लेक

मला एक वेगळंच सांगायचंय. बोरीचा बार कुणी बघितलाय का? आमच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर येतात, वाद्यं वाजत असतात आणि मग समोरासमोर शिव्यांचा बार. हातवारे करून, टाळ्या वाजवून, पदर खोचून. पोलीस बंदोबस्त असतो, बघायला ही गर्दी. बार झाला नाही तर पाऊस पडत नाही असं मानतात.

माझं आजोळ तिथलं. माझी मामी वर्षभर डोईवरचा पदर ढळू द्यायची नाही, सासऱ्यांसमोर आवाज म्हणून नाही. मी सात-आठ वर्षांची असताना तिला ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडताना बघितली. चेहरा लाल, केस सुटलेले, हात असे पुढं करून, आणि तोंडातून ते सगळे शब्द, ताई म्हणतात तो सुद्धा. मला पहिल्यांदा भीती वाटली, मग वाटलं ही मामी कित्ती मोठी दिसतेय. तासाभरानं घरी आली, हातपाय धुतले, पदर डोक्यावर आणि भाकरी थापायला बसली. मी म्हटलं मामी तू काय काय बोललीस, तर हसली नुसती.

म्हणजे बघा, हे शब्द बायकांनी उच्चारले तर आभाळ कोसळतं असं काही नाही, उलट आमच्याकडं पाऊस पडायला लागतो म्हणतात. मग उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तोंडाला कुलूप का? पण एक खटकतं मला. ओढ्याच्या पलीकडं पण बायकाच असतात. एवढा वर्षातून एकदा मोकळा सोडलेला आवाज, तो पण बाईनं बाईलाच सवत, रांड, छिनाल म्हणायला. काठावर उभे पुरुष मजा बघतात, त्यांच्या नावानं काहीच नाही.

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडं सांगतो, कारण दरवेळी "कायदा आहे की" म्हणून विषय संपवतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यातलं कलम ७९ म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ५०९. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करायच्या हेतूनं शब्द, आवाज, हावभाव केला तर तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. कलम २९६ सार्वजनिक जागी अश्लील शब्द वापरून इतरांना उपद्रव दिल्याबद्दल, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका वेब सिरीजच्या प्रकरणात सांगितलंय की नुसती शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे.

आता पारावरचं पोरगं घ्या. शिवी कुणाला दिली? दुसऱ्या पोराला. हेतू त्याचा अपमान. ज्या आईचा उल्लेख आहे ती घरी चुलीपुढं. म्हणजे तिच्या नावानं सगळं चाललेलं असतं आणि कायद्याच्या नजरेत ती तिथं नसतेच. माझ्याकडं भांडणाच्या केसेस येतात त्यात फिर्यादीत पोलीस लिहितात "आईबहिणीवरून अर्वाच्य शिवीगाळ केली". एका ओळीत संपलं. कुठल्या आईला, कुठल्या बहिणीला जाऊन कुणी विचारत नाही की बाई तुला काय वाटलं.

गावानं ठरवलं तर मात्र होतं. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ च्या ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली की ५०० रुपये दंड. दंडापेक्षा मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, हा विषय बोलण्यासारखा आहे असं ठरलं.

येरळाकाठ

वय वर्षे ७४, टायपिंगला वेळ लागतो, चुका झाल्यास क्षमस्व. रांगडा गडी यांनी आजीचा शब्द लिहिला त्यावरून. रांड या शब्दाचा जुना अर्थ विधवा. संस्कृत रंडा. आमच्या घरी थोरली आत्या होती, सोळाव्या वर्षी नवरा गेला. तिला घरात "रंडकी" म्हणत. कुणी भांडणात नव्हे, साध्या बोलण्यात, "रंडकीला हाक मार, चहा ठेव म्हणावं" असे. तिचे नाव मला बारा वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हते. शुभकार्याला ती कोठीच्या खोलीत बसे. आज्जी प्रेमाने रांडेच्या म्हणायची हे खरेच, पण त्या शब्दाचा मूळ अर्थ "विधवेच्या पोरा" असा आहे आणि तो शिवी का झाला याचा विचार आपण कुणी करत नाही. नवरा मेला हीच शिवी. वांझोटी, पांढऱ्या पायाची, अवदसा, सगळे असेच. सटवी ही तर सटवाई, पाचवी-सहावीला बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी देवी. तिलाही सोडले नाही.

आणखी एक शब्द, "टाकलेली". नवऱ्याने टाकली. वस्तू टाकतात तशी. आमच्या सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून अशा बायकांना एकत्र आणले, परित्यक्ता हा शब्द गावोगाव पोचला, त्यांच्या रेशनकार्डाचे, पोटगीचे, घराचे प्रश्न लावून धरले. मी एका मोर्चात चाललो आहे. घोषणा देणाऱ्या बायकांत आमच्या शेजारची एक होती जिला गल्ली टाकलेली म्हणायची, ती त्या दिवशी परित्यक्ता म्हणून माईकवर बोलली. शब्द जड होता, तिला नीट म्हणता येत नव्हता, पण तिने तीनदा म्हटला.

आणि हेरवाड विसरू नका, आपल्या शेजारी शिरोळ तालुक्यात. ४ मे २०२२ ला ग्रामसभेने ठराव केला, नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. मी बातमी वाचली तेव्हा आत्या आठवली. तिचे नाव कृष्णाबाई होते.

तिकीट तिकीट

मी एसटीत वाहक आहे, सातारा विभाग. आमच्या गाडीत रोज हेच. दोन माणसं जागेवरनं भांडतात, एकमेकांच्या आईला, बहिणीला सगळं बोलून होतं, मग माझ्याकडं लक्ष गेलं की एकदम मऊ आवाजात "ताई तुम्हाला नाय हं". आधी मला पण बरं वाटायचं, चला मान ठेवला. आता वाटत नाही. मला नाही म्हणजे कुणाला? आई माझ्यासारखीच बाई, बहीण पण. नाव माझ्या अंगाचं आणि वर म्हणायचं तुम्हाला नाही. एकदा मी बेल मारून गाडी थांबवली आणि म्हटलं, मला नाही तर मग खाली उतरून ज्यांना आहे त्यांना सांगून या, गाडी थांबलीय. गाडीत शांत झालं सगळं. मागनं एक म्हातारी म्हणाली, "बरं केलंस माय."

येरळाकाठ आजोबांनी सटवीचं लिहिलं, तसं भवानी बघा. तुळजापूरला नवस बोलायचा तिला, सकाळी मंडईत भाजीवाल्या मावश्या पहिलं गिऱ्हाईक झालं की नोट कपाळाला लावून म्हणतात भवानी झाली, आणि तीच बाई पोरीवर चिडली की "भवाने कुठं उलथली होतीस". आणि पुरुषाला खाली दाखवायचं झालं तरी बाईच, बायल्या, बांगड्या भर. मोर्चात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतात तेव्हा महिला आघाडीच्याच बायका पुढं असतात. त्या बांगड्या घातलेल्या हातानं मी रोज दहा तास तिकिटं फाडते, पहाटेची पहिली गाडी काढते. कमीपणा कसला त्यात?

हळदगाव

सांगलीत शिकते, बीएस्सी. मी थोडं वेगळं बोलते, आम्ही मुली पण देतो शिव्या. हॉस्टेलवर, गेम खेळताना, सगळ्याच. मला वाटायचं की पोरांना चालतं तर आम्हाला का नाही, आणि अजून पण वाटतं की मुलीनं दिली की "कसली मुलगी" आणि मुलानं दिली की काहीच नाही हे चूकच आहे. पण मागच्या महिन्यात प्रोजेक्टवरनं ग्रुपमधल्या एका मुलावर चिडले आणि आईवरून बोलले. तो काही म्हणाला नाही, गप्प झाला. मग आठवलं की त्याची आई आमच्या सगळ्या ग्रुपला रविवारी जेवायला बोलवते, माझ्यासाठी वेगळं कमी तिखटाचं काढून ठेवते. मी त्यांनाच बोलले की. चिडले होते मुलावर आणि मारलं कुणाला. रात्रभर झोप नाही लागली, सकाळी त्याला सॉरी म्हटलं तर म्हणतो अगं त्यात काय एवढं, सगळेच म्हणतात.

मग राग आला की म्हणायचं तरी काय हा खरा प्रश्न आहे माझा. आज्जीला विचारलं तर तिचा साठाच वेगळा निघाला. मुडदा बशिवला तुझा, पटकी आली तुला, मरीआईनं न्यावं, तोंडात माती पडली, खोकड्या, वाटुळं झालं. रोगराई, मरण, माती. आईबहीण कुठंच नाही त्यात. म्हणजे राग काढायला बाईचं अंग लागतंच असं काही नाही.

उपकेंद्रवाली

सगळं वाचतेय, ड्युटीमुळं उशीर होतोय. हळदगाव, तुझ्या आज्जीला नमस्कार सांग.

छिनाल, रांड वगैरे शब्द वर आले म्हणून माझा एक अनुभव. नोकरीच्या सुरुवातीला मी काही महिने सांगली शहरात एका तपासणी शिबिराच्या कामावर होते. तिथं वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका यायच्या, १९९६ पासून ही त्यांची स्वतःची संघटना आहे सांगलीत. मी तेव्हा नवीन, मनात नाही नाही ते. त्यातली एक खुर्चीवर बसली आणि सरळ सांगितलं, शिस्टर इथं जळजळ आहे, आठ दिवस झाले, असा असा स्राव आहे, असा वास आहे. अवयवाचं नाव घेऊन, मान खाली न घालता. एवढ्या वर्षांत कुठल्याही बाईनं आपली तक्रार इतकी नीट मला सांगितलेली नाही, शिकलेल्या मास्तरणींनी पण नाही. मी तिला नंतर विचारलं, तुम्हाला संकोच नाही वाटत? म्हणाली, "माझं अंग हाय, लाजू कुणाला? लाजलो आस्तो तर कवाच मेलो आस्तो." ज्यांच्या धंद्याचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो, त्यांच्याकडून मी ते नाव घ्यायला शिकले.

रांगडा गडी

दोन दिवस लिहिलं नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर बायकोला हा धागा वाचून दाखवला. सगळा वाचला. मग विचारलं, तू काय म्हणतीस त्या जागंला? दवाखान्यात वगैरे? ती भांडी आवरत होती. म्हणाली, "काहीच म्हणत न्हाई." मी म्हटलं म्हणजे? म्हणाली, मनातल्या मनातसुद्धा काही म्हणत न्हाई. अठरा वर्षं झाली लग्नाला.

माझं बोलीबद्दलचं मत आहे ते आहे. पण ट्रॅक्टरवर दोन पोरं कामाला आहेत त्यांना आज सांगितलं, माझ्या वाड्यात तो शब्द काढायचा नाही. एकानं विचारलं का ओ मालक. मला सांगता आलं नाही नीट, म्हटलं वहिनी असतात इथं.

जतची माती

पहिल्यांदाच लिहितोय. माझी पणजी सुईण होती, आमच्या भागात पाच-सात गावांची बाळंतपणं तिच्या हातची. आईकडून ऐकलंय की ती त्या शब्दाऐवजी "मायांग" म्हणायची. "मायांगावर ताण आलाय", "मायांग शेका", असं. आईला विचारलं तर म्हणाली व्हय की, जुन्या बायका सगळ्या म्हणायच्या, आता कुणी म्हणत न्हाई. हा शब्द तुमच्याकडं आहे का?

उपकेंद्रवाली

जतची माती, किती वेळा आभार मानू! अहो हा शब्द मला माहीत आहे, आमच्या ट्रेनिंगच्या मराठी पुस्तकात होता, मायांग बाहेर येणे असंच लिहिलेलं. मी तो परीक्षेला लिहिला आणि विसरले, मला वाटलं पुस्तकी आहे. सुईणींच्या तोंडचा निघाला. माय आणि अंग, दोन्ही त्यात ऐकू येतात, आणि कुठल्याच शिवीत तो नाही.

आज लसीकरणाचा दिवस होता, गरोदर बायका आणि लेकुरवाळ्या मिळून बावीसजणी. तक्त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिला. आधी कुणीच बोलेना. मग आमच्या आशाताई म्हणाल्या, मागून दोन-तीन म्हाताऱ्या म्हणाल्या, त्यांना माहीत होताच. मग एक विशीतली पोर, पहिलटकरीण, वहीत उतरून घेत म्हणाली, "शिस्टर, ह्यो दवाखान्यात डाक्टरांम्होरं म्हटला तर चालतो न्हवं?" म्हटलं चालतो. तिनं बाकीच्यांकडं बघितलं आणि परत एकदा म्हटला, आता जरा मोठ्यानं.

मावशी पुढच्या आठवड्यात रिंग तपासायला येणार आहेत. अजून कुणाच्या गावात दुसरा शब्द असेल, सुईणींचा, आज्यांचा, तर इथं लिहा, मी तक्त्यावर जागा ठेवलीय.